जेसीबीवरून रबरी चेनच्या लोडरवर आलात तर हात कसा बसवायचा

बारा वर्षं जेसीबी चालवलीये आणि मालकाने एक दिवस चाकांऐवजी रबरी चेनवर (पट्ट्यांवर) चालणारा छोटा लोडर आणून उभा केला, वर म्हणतो चालव रे तुला काय अवघड, तर सांगतो, अवघड आहेच, आणि नव्या पोरापेक्षा जुन्या माणसाला जास्त. मी पहिल्याच दिवशी पोल्ट्री शेडमधलं खत काढायला गेलो आणि दहा मिनिटांत शेडचा एक खांब वाकवून बाहेर आलो, कारण घाबरल्यावर पाय ब्रेक शोधायला लागला आणि तिथे पायाचा ब्रेकच नाही.

ना स्टिअरिंग, ना पायाचा ब्रेक. दोन्ही चेन हायड्रॉलिक मोटरवर चालतात, चालीची जॉयस्टिक सोडली की ती मधे येते आणि मशीन थांबतं. म्हणजे थांबायला काही दाबायचं नाही, नुसतं सोडायचं. माझा उजवा पाय आठवडाभर उगाच खालचा पत्रा दाबत होता.

बसल्यावर आधी पॅटर्न बघा, म्हणजे कोणत्या हाताची जॉयस्टिक काय हलवते ते. बऱ्याच मशीनला आयएसओ आणि एच असे दोन असतात, स्विचवर बदलतात. जेसीबीवाल्याने डोळे झाकून आयएसओ घ्यावा असं माझं मत. त्यात सगळी चाल डाव्या हातात, आणि उजवा हात आपल्या पुढच्या बकेटच्या लिव्हरसारखाच, मागे ओढलं की बूम (बकेट उचलणारा हात) वर, पुढे ढकललं की खाली, डावीकडे बकेट भरते, उजवीकडे ओतते. म्हणजे शिकवायचं फक्त डाव्या हाताला. पण मशीनवर दुसराही ऑपरेटर असेल तर रोज सकाळी मोकळ्या जागेत हळूच हलवून बघा, कोणी पॅटर्न बदलून ठेवला असेल तर भिंतीजवळ कळून उपयोग नाही.

आता खरा त्रास म्हणजे हिसके. जुन्या लिव्हरला जोर लावायची सवय, इथे बोटभर हललं तरी मशीन उडी मारतं, मशीन उडालं की आपण सीटवर हलतो, आपण हललो की मुठीतली जॉयस्टिक हलते, आणि ती हलली की परत हिसका, बघणाऱ्याला वाटतं वरातीतलं घोडं नाचतंय. मनगट आर्मरेस्टवर टेकवा आणि जॉयस्टिक मुठीत आवळू नका, दोन-तीन बोटांत धरा, गरम चहाचा ग्लास धरतो तशी. पहिला दिवस बकेट भरूच नका, रिकाम्या प्लॉटवर दोन दगड ठेवून त्यांच्याभोवती आठचा आकडा काढा, हेल्पर हसेल, हसू दे. शिकताना आरपीएम कमी ठेवा, कामाला मात्र वाढवा, कारण पंप तेल किती फेकणार ते इंजिनच्या फेऱ्यांवर, कमी आरपीएमवर ढिगात घुसलात की इंजिन दबतं.

जागच्या जागी गिरकी मारता येते म्हणून मारत बसू नका. डांबरावर, काँक्रीटवर, खडीवर गिरकी म्हणजे रबर सोलणं, आणि चेनची किंमत मालकाला विचारा एकदा. थोडं पुढे, थोडं मागे करत वळा.

चढावर नियम एकच, जड बाजू वर. बकेट रिकामी असेल तर इंजिनमुळे मागची बाजू जड, म्हणून रिव्हर्समध्ये चढायचं आणि पुढे तोंड करून उतरायचं, भरलेली असेल तर बरोबर उलटं. आणि बकेट कायम जमिनीलगत, वर उचलून पळवायची नाही.

अटॅचमेंट (पुढे लावायचं बकेटसारखं अवजार) बदलली की खाली उतरून ती अडकवणाऱ्या दोन्ही पिना भोकातून आरपार आल्यात का ते डोळ्याने बघा. होस (हायड्रॉलिक तेलाचा पाईप) काढण्याआधी प्रेशर सोडा. बारीक लीक हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा, त्या प्रेशरचं तेल कातडीत घुसतं आणि वरून नुसती टाचणी टोचल्यासारखं दिसतं, थेट दवाखाना गाठायचा.

संध्याकाळी चेनमधली माती काढल्याशिवाय घरी जायचं नाही. आपली काळी माती रोलरमध्ये (चेनच्या आतल्या चाकांत) रात्रभर राहिली की सकाळी विटेसारखी घट्ट होते. मी एकदा कंटाळा केला आणि दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस पहारीने खरवडत बसलो, डंपरवाला शेजारी उभा राहून वेटिंगचे पैसे मोजत होता.