सुपरबॉसपुढे सारखे हरताय? लेव्हल वाढवण्याआधी या चुका टाळा

रोल-प्लेइंग गेममधला सुपरबॉस कथेच्या वाटेवर नसतो. त्याला न हरवताही गेम पूर्ण होतो, त्यामुळे गेम बनवणारे तिथे हात राखत नाहीत. नाशिकच्या कॉलेज रोडच्या टपरीवर कुणी म्हटलं की ‘एका बॉसवर आठवडाभर अडकलोय’, तर चहा येण्याआधी उत्तर येतं: ‘अरे, लेव्हल वाढव की!’ हा सल्ला कधी कधी बरोबर असतो. बऱ्याचदा मात्र त्यात वीस तास जातात आणि बॉस तिथेच उभा राहतो, कारण मरण्याचं कारण लेव्हल नव्हतंच.

म्हणून आधी कारण शोधा. वही घ्या आणि दहा प्रयत्न करा. प्रत्येक मरणानंतर तीनच गोष्टी लिहा: बॉसची एचपी (जीव) किती उरली होती, कोणत्या हल्ल्याने मेलो, आणि त्या क्षणी आपण काय करत होतो (मारत, हील म्हणजे जीव भरत, पळत की बफ म्हणजे तात्पुरती ताकद लावत). दहापैकी सात मरणं एकाच हल्ल्याने आली, तर तो एक हल्ला शिकायचा आहे. पूर्ण एचपी असताना एका फटक्यात गेलात, तर एचपी कमी आहे किंवा एखादा लपलेला नियम तुम्ही मोडताय. औषधं संपून मेलात, तर तुमचं डॅमेज (घावाने होणारं नुकसान) कमी पडतंय आणि लढाई उगाच लांबतेय. बॉस १० टक्क्यांवर असताना दर वेळी वेगळ्याच गोष्टीने मेलात, तर तो हावरटपणा आहे; ‘अजून एक घाव’ मारायला जाऊन जीव जातो. या चार दुखण्यांवर चार वेगळी औषधं आहेत. लेव्हल वाढवणं त्यातल्या दोनांवरच लागू पडतं.

नियम न ओळखता भिडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. अनेक सुपरबॉस म्हणजे कुलूप असतं आणि त्याची किल्ली ताकदीत नसते.

फायनल फँटसी ७ (१९९७) मधला एमराल्ड वेपन हा सुपरबॉस घ्या. एचपी १० लाख, लढाई समुद्राच्या तळाशी आणि घड्याळात २० मिनिटं. लोक कमावलेलं सगळं मटेरिया (शक्ती देणारे गोळे) अंगावर चढवून उतरतात आणि ‘एअर टॅम स्टॉर्म’ या एका हल्ल्यात तिघंही आडवे होतात. संरक्षण वाढवून बघतात, तरी तेच. कारण तो हल्ला संरक्षण बघतच नाही. ज्या पात्राने जितकं मटेरिया घातलंय, त्याला १,१११ नी गुणा; तेवढं त्या पात्राचं डॅमेज. नऊ मटेरिया म्हणजे ९,९९९, आणि या गेममध्ये पात्राची एचपी त्याच्या वर जातच नाही. म्हणजे नऊ किंवा जास्त मटेरिया घातलेलं पात्र मरणारच. आठ घातलं तर ८,८८८. एचपी ९,९९९ असेल तर जगलात. हल्ल्याच्या नावाची रोमन अक्षरं उलटी वाचली की ‘मटेरिया’ हाच शब्द निघतो. उत्तर नावातच लिहून ठेवलेलं होतं!

घड्याळाचा त्रास ‘अंडरवॉटर’ मटेरियाने जातो. जुनोनच्या पाण्याखालच्या बोगद्यात घोस्ट शिप नावाचा शत्रू भेटतो. त्याला ‘मॉर्फ’ या शत्रूची वस्तू बनवणाऱ्या चालीने संपवलं की गाइड बुक मिळतं, ते काल्म गावातल्या प्रवाशाला दिलं की मटेरिया हातात. तिघांपैकी एकाने घातलं तरी पुरतं. पण ते घालणाऱ्याच्या मोजणीत तेही धरा. ‘आठ अधिक ते एक’ असं केलंत तर परत नऊ.

त्याच गेममधल्या रुबी वेपनचा नियम आणखी विचित्र आहे. सुरुवातीलाच तो वाळूच्या भोवऱ्यात तुमचे साथीदार लढाईबाहेर फेकतो आणि ते परत येत नाहीत. उपाय असा की लढाईत शिरतानाच दोघं बेशुद्ध ठेवायचे आणि एकट्याने उभं राहायचं. तो आपले पंजे वाळूत रोवतो, त्यानंतर भोवरा वापरत नाही. मग दोघांना उठवायचं आणि खरी लढाई सुरू करायची. हे माहीत नसलेला माणूस ९९ लेव्हल घेऊन गेला तरी एकटाच लढतो.

मूळ पर्सोना ३ मधल्या एलिझाबेथचा नियम सज्जनपणाचा वाटतो: ‘माझा हल्ला अडवू नकोस.’ तिचा हल्ला निष्फळ करणारा, शोषणारा किंवा परतवणारा पर्सोना (पात्राने बोलावलेली शक्ती) वापरलात, की ती ९,९९९ डॅमेजचा ‘मेगिडोलाऑन’ हल्ला टाकते. हुशारीने सगळ्या मूलतत्त्वांपासून सुरक्षित बिल्ड (पात्राच्या गुणांची आणि सामानाची जुळणी) करणारे इथे नेमके अडकतात. हवा असतो तो हल्ला अर्ध्यावर आणणारा प्रतिकार, पूर्ण ढाल नको.

किंगडम हार्ट्‌सच्या पहिल्या भागातला सेफिरॉथ एका हल्ल्यात तुमची एचपी १ वर आणि एमपी (मंत्रांची ताकद) शून्यावर आणतो. चूक कुठे होते? आयटमच्या खणात काहीही भरलेलं असतं आणि भिस्त जीव भरणाऱ्या क्युअर मंत्रावर असते. एमपी शून्य, मग क्युअर कशाने करणार? खणात एचपी आणि एमपी दोन्ही भरणारं एलिक्सर भरा. जीवघेण्या घावातून १ एचपीवर वाचवणारी ‘सेकंड चान्स’ लावा. आणि तो दूर जाऊन त्या हल्ल्याची तयारी करतो तेव्हा दूर पळू नका. धावत जाऊन घाव घाला, तयारी मोडते.

कथेचा बिल्ड घेऊन सुपरबॉसकडे जाणं

नाशिकच्या द्राक्षबागेत वर्षाला दोन छाटण्या होतात. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी, ऑक्टोबरची घडासाठी. वेल तोच, पण हेतू वेगळा म्हणून कात्री वेगळी चालते. बिल्डचंही तसंच आहे. ५० तास गेम फिरायला जो बिल्ड सोयीचा होता, त्यात थोडं जादूला, थोडं ताकदीला, थोडं वजन उचलायला असं सगळीकडे वाटलेलं असतं. एका बॉससाठी हे वाटप चालत नाही.

एल्डन रिंगमध्ये (२०२२) हे आकड्यांत दिसतं. व्हिगर हा एचपी वाढवणारा गुण. व्हिगर ४० ला एचपी १,४५०, व्हिगर ६० ला १,९००. त्यापुढे ९९ पर्यंत नेलं तरी जेमतेम २,१००. म्हणजे ६० पर्यंतचा प्रत्येक पॉइंट कामाचा, त्यापुढचा जवळजवळ वाया. तरीही व्हिगर २५-३० ठेवून मलेनिया या सुपरबॉसकडे जाणारे पुष्कळ आहेत. ‘डॅमेज जास्त हवं’ हे त्यांचं कारण असतं. पण डॅमेज मुख्यतः हत्यार अपग्रेड करण्यातून येतं. साधं हत्यार +२५ आणि खास (सोंबर) हत्यार +१० पर्यंत जातं; आपलं +१८ वर अडकलंय का ते आधी बघा. फ्लास्क (औषधाच्या कुप्या) १४ आहेत का, त्यांची ताकद +१२ आहे का, हेही तपासा. रेनाला या बॉसला हरवल्यानंतर तिला लार्व्हल टिअर नावाची एक वस्तू देऊन सगळे पॉइंट नव्याने वाटता येतात. ते ‘नंतर लागेल’ म्हणून जपून ठेवू नका, नंतर म्हणजे हीच वेळ.

अंगावरच्या सामानाचं वजनही बघा. पेलता येणाऱ्या वजनाच्या ७० टक्क्यांवर गेलात की रोल (हल्ला चुकवायची कोलांटी) जड होतो. नवीन चिलखताच्या मोहात ७०.२ टक्के झालेलं लक्षात येत नाही आणि ‘काल जमत होतं, आज जमत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

मलेनिया: ढाल, आत्मे आणि घाबरून मारलेले रोल

हिच्यावर थोडं थांबायला हवं, कारण बाकी सगळीकडे चालणाऱ्या सवयी हिच्यापुढे उलटतात. तिचा घाव लागला की तिची एचपी भरते. ढालीवर घेतला तरी भरते! ढालीमागे उभं राहून टोचत बसणारा खेळाडू तिला बरं करत असतो. मदतीला बोलावलेल्या आत्म्याचंही तेच: जो जास्त मार खातो, तो तिला जास्त पाजतो. आत्मा बोलवायचा तर असा, जो पटकन डॅमेज करेल आणि तिला लडखडवेल.

ती दोन गोष्टींपुढे कमकुवत आहे: रक्तस्राव आणि हिमबाधा. शिवाय जड घावाने ती हलते, त्यामुळे मोठ्या हत्याराचा उडी मारून घातलेला घाव तिचा साधा हल्ला बऱ्याचदा मोडतो. हिमबाधा लागली की ३० सेकंद तिला २० टक्के जास्त डॅमेज बसतं. इथे एक चूक हमखास होते: हिमबाधेच्या हत्याराबरोबर आगीचा मारा. आग लागली की हिमबाधा पुसली जाते. मुद्दाम पुसून पुन्हा लावायचा हिशोब असेल तर ठीक, नाहीतर तो २० टक्क्यांचा फायदा तुम्हीच घालवताय.

‘वॉटरफाउल डान्स’ हा तो प्रसिद्ध हल्ला. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कितपत पाणी आलंय यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात: पायाशी, कमरेला, छातीला, गळ्याला. बॉसच्या एचपीची पट्टी तशीच वाचायची. तिची एचपी साधारण पाऊण उरेपर्यंत हा हल्ला येत नाही. ती खूण ओलांडली की तो कधीही येऊ शकतो. त्यानंतर तिला खेटून उभं राहण्याची वेळ कमी करा. घाव घालून बाहेर, मध्यम अंतरावर.

ती उडी मारून हवेत क्षणभर थांबते, ही सूचना. तिथेच बहुतेकांचा अंगठा रोलवर आपटू लागतो. मध्यम अंतरावर असाल तर रोल नको. पाठ फिरवून पळा, पहिला झपाटा हवेत जातो. त्यानंतर ती तुमच्यापर्यंत येते तेव्हा रोल तिच्या दिशेने, तिच्या खालून पलीकडे. मागे रोल केलात तर पात्याच्या टोकाशी जाऊन पोचता. दुसरी अवस्था सुरू होताच ती हवेतून झेपावून लाल फूल उमलवते. झेप चुकवा, उमलण्याआधी लांब जा, आणि फुलाच्या जवळ जाऊन मारायचा मोह आवरा. अंगात रॉट (जीव हळूहळू खाणारं विष) चढतो. त्यावरचं औषध, प्रिझर्व्हिंग बोलस, हाताशी, पहिल्या खणात असू द्या.

आणि अंगठ्याबद्दल. एल्डन रिंगमध्ये रोल बटण दाबल्यावर होत नाही, सोडल्यावर होतो, कारण तेच बटण धरून ठेवलं की धावायचं असतं. घाबरलेला खेळाडू बटण जोरात दाबतो आणि दाबून धरतो; रोल उशिरा येतो. शिवाय सारखं बटण मारलं की गेम पुढचा रोल रांगेत लावतो, आणि नको तेव्हा तो घडतो. टिचकी मारल्यासारखं दाबा आणि सोडा. एकदाच.

बफ उलट्या क्रमाने लावणं

एल्डन रिंगमधला ताकद वाढवणारा गोल्डन व्हाउ मंत्र ८० सेकंद टिकतो, ‘फ्लेम, ग्रँट मी स्ट्रेंथ’ ३० सेकंद. दोन्ही एकत्र चालतात. आधी लांब टिकणारा, मग छोटा, मग बॉसचं धुक्याचं दार. उलट केलंत तर छोटा बफ धुक्यातून आत जाईपर्यंत अर्धा संपतो. आणि एकाच प्रकारचे दोन बफ एकमेकांना पुसतात, म्हणून पाच-पाच बफ लावण्यात अर्थ नाही.

पॅरी आधी, डॉज नंतर

क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३ (२०२५) मधल्या सिमोन या सुपरबॉसकडे जाणारे पहिल्याच प्रयत्नात पॅरी (अचूक वेळी हल्ला परतवणं) करायला बघतात. डॉजची (हल्ला चुकवण्याची) वेळेची खिडकी मोठी आहे, पॅरीची बारीक. नवा हल्ला आधी डॉजने शिका. स्क्रीनवर डॉज ‘परफेक्ट’ दिसू लागला की तुमची वेळ पॅरीएवढी अचूक झाली; मगच त्या हल्ल्याला पॅरी. एकेका हल्ल्यासाठी हा बदल वेगवेगळा करा, सगळ्यांना एकदम नको. आणि डॅमेज ९,९९९ वरच अडकत असेल तर तुम्ही ‘पेंटेड पॉवर’ पिक्टो (पात्राला खास गुण देणारी वस्तू) लावायला विसरला आहात. ती मर्यादा उठवल्याशिवाय सिमोनची एचपी उतरवणं म्हणजे चमच्याने हौद उपसणं.

दोष हाताचा नसून यंत्राचा असतो तेव्हा

घरातल्या मोठ्या टीव्हीवर गेम मोड बंद असेल तर चित्र उशिरा दिसतं. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० चित्रं) एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले, तर तुम्ही बॉसला सहा फ्रेम जुना बघताय. आधी गेम मोड सुरू करा, चित्र ‘सुधारणारे’ सगळे पर्याय बंद करा, कंट्रोलर केबलने जोडा. मग वहीतले दहा प्रयत्न परत करा.

लॅपटॉपवाल्यांनी एप्रिल-मे सांभाळावा. नाशिकची दुपार चाळिशीला टेकली की गरम झालेला प्रोसेसर आपला वेग कमी करतो आणि नेमक्या धुमश्चक्रीत फ्रेम पडतात. मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचला, गादीवर ठेवून खेळू नका, एफपीएस स्थिर राहील इतकी ग्राफिक्स उतरवा. ४० ते ६० मध्ये हेलकावणाऱ्या गेमपेक्षा स्थिर ४५ वर टायमिंग लवकर बसतं. चार्जर लावूनच खेळा. बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकद देत नाही.

वळवाच्या वाऱ्यात वीज जाते तेव्हा डेस्कटॉपवर सेव्ह लिहिलं जात असेल तर फाइल बिघडू शकते. पीसीवर एल्डन रिंगचं सेव्ह ॲपडेटामधल्या रोमिंगमध्ये, गेमच्याच नावाच्या फोल्डरमध्ये असतं. बॉसकडे जाण्याआधी गेम बंद करून ते फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा.

नकळत दार उघडणं, आणि एका बैठकीचा हट्ट

फायनल फँटसी १० च्या इंटरनॅशनल आणि एचडी आवृत्तीत विमान मिळाल्यावर बेसाइड गावात सहज शिरायला गेलात, की ८ लाख एचपीचा डार्क व्हेलफर हा सुपरबॉस समोर. तयारी नसेल तर तिथेच खेळ संपतो. गावात घ्यायचं राहिलेलं सगळं विमान मिळण्याआधी घ्या, आणि विमानातून उतरण्याआधी वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करा.

फायनल फँटसी १२ चा यिआझमॅट ५ कोटींहून जास्त एचपी घेऊन बसलाय. तो एका बैठकीत संपवायचा हट्ट धरणारे तिसऱ्या तासाला थकून चुकतात. मैदानातून बाहेर पडता येतं, क्रिस्टलवर सेव्ह करता येतं आणि परत जाऊन लढता येतं. बाहेर पडायच्या वाटेजवळ राहून लढा, म्हणजे पात्रं पडू लागली की उरलेल्याला बाहेर नेता येईल. बाहेर आल्यावर आधी सेव्ह करा, मग औषधं भरा.