नानांचा रात्री नऊचा केक

माझे सासरे, नाना, ८२ वर्षांचे आहेत. साडेसातला जेवतात आणि नऊच्या सुमाराला हाक येते, "सूनबाई, काही गोड आहे का गं?" अख्खा केक केला तर तिसऱ्या दिवशी कोरडा पडतो, आणि कोरडं त्यांच्या दातांना चालत नाही. म्हणून मी कपातला केक शिकले. अंडं ते खात नाहीत, त्यामुळे हा बिनअंड्याचा.

साधारण ३०० मिलिलिटरचा चिनी मातीचा कप घ्या, सोनेरी कडा नसलेला. मायक्रोवेव्हमध्ये त्या कडेवर ठिणग्या उडतात. त्यातच ४ टेबलस्पून मैदा, २ टेबलस्पून पिठीसाखर, चहाचा पाव चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ काट्याने हलवा. नंतर ३ टेबलस्पून दूध, दीड टेबलस्पून सूर्यफुलाचं तेल. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबायचं. घोटत बसलात तर केक रबरासारखा होतो. कप अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, उतू जातो.

आता फळ. इथेच माझे सुरुवातीचे कितीतरी केक बिघडले. ओव्हनमधल्या कोरड्या गरम हवेत फळाचं पाणी उडायला अर्धा तास मिळतो. इथे सगळा खेळ दीड मिनिटाचा, पाणी जाणार कुठे? स्ट्रॉबेरीचे कच्चे तुकडे तसेच टाकले होते, तळाशी नुसता चिखल. तेव्हापासून फळाचं पाणी मी दुधाच्या मापात धरते.

जानेवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मंडईत भरपूर असते. चार स्ट्रॉबेरी चिरून त्यांवर चमचाभर साखर घाला आणि ४० सेकंद गरम करा. सुटलेला रस मोजा. रस आणि दूध मिळून ३ टेबलस्पूनच हवं. गाळलेले तुकडे शेवटी वरून ठेवा.

केळं काळे ठिपके पडलेलंच घ्या. अर्धं कुस्करून घातलं की दूध २ टेबलस्पून आणि साखर १ टेबलस्पून पुरते.

पुरंदरचं अंजीर मिळालं तर मी दुसऱ्या फळाकडे बघत नाही. एक पिकलेलं अंजीर चिरून वर मांडा, ढवळू नका, फार नाजूक असतं. अननस मात्र कच्चा दुधात कधीच घालू नका. त्यातल्या ब्रोमेलेन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइममुळे दूध फाटतं आणि कडवट लागतं. आधी दोन-तीन मिनिटं चांगला उकळून, निथळून, गार करून घ्या. घरात फळ नसेल तर टुटीफ्रुटी आहेच. तीही कच्च्या पपईचीच असते.

माझा मायक्रोवेव्ह ८०० वॅटचा आहे. कप फिरत्या काचेच्या मधोमध न ठेवता जरा कडेला ठेवते आणि ७० सेकंद लावते. तुमचा ७०० वॅटचा असेल तर ८५ ते ९० लागतील. वर किंचित ओलसर दिसत असताना बाहेर काढा, दोन मिनिटं झाकून ठेवा, आतल्या वाफेवर उरलेलं शिजतं. नंतरही काडीला पीठ चिकटलं तर १० सेकंद आणखी. वरून केक फिकाच राहतो. रंग येईल म्हणून वेळ वाढवू नका, दगड होईल. रंग हवाच असेल तर साखरेच्या जागी बारीक किसलेला गूळ घ्या.

आणि वाट बघा. केक कोमट लागला तरी आतला फळाचा तुकडा चटका देतो. एकदा नानांची जीभ भाजली, दोन दिवस त्यांना आमटी तिखट लागत होती आणि मला फार वाईट वाटलं. आता मी केक बशीत उलटा करून मधून फोडते, वाफ जाऊ देते, वर चमचाभर साय घालते आणि मगच बशी त्यांच्या हातात देते.