ठाण्यातून विधानसभेचा अर्ज भरताना

आमदारकीची सुरुवात नमुना 2ब, म्हणजे उमेदवारी अर्जापासून होते, आणि अपक्षांची गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते, ती सूचकांपाशी, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांपाशी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, तेही त्याच मतदारसंघाचे मतदार. पत्त्यात 'ठाणे' आहे म्हणून सही घेऊ नका: कासारवडवलीचा मतदार ओवळा-माजिवड्यात (मतदारसंघ क्र. 146) येतो, नौपाड्याचा ठाण्यात (148). यादीतला भाग आणि अनुक्रमांक स्वतः ताडून बघा, आणि दहाऐवजी बारा-तेरा सह्या घ्या. उमेदवार मात्र राज्यात कुठलाही मतदार चालतो. दुसऱ्या मतदारसंघातला असेल तर यादीचा प्रमाणित उतारा जोडायचा.

अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 5,000. निवडणूक खर्चाचं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा.

नमुना 26 च्या शपथपत्रात (मालमत्ता, कर्ज, गुन्हे यांची माहिती) एकही रकाना कोरा नको. 'निरंक' लिहा, रेघ ओढून भागत नाही. उमेदवारी अर्जाचे चार संच भरता येतात, भराच. अर्ज दिल्यावर संविधानाशी निष्ठेची शपथ घ्यायची राहते, गडबडीत हेच विसरतं! छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत ती झाली नाही तर अर्ज बाद. अर्ज घेण्याचं दार दुपारी तीनला बंद, मिरवणूक कितीही मोठी असो.