आधी उजेड बघा, मग तिकीट काढा

मागच्या जुलैत आम्ही पाच जण गाडीतून दूधसागर बघायला गेलो आणि दूधसागर ऐकून आलो. पुण्याहून दुपारी निघून दुसऱ्या दिवशी पहाटे वास्कोला पोचणारी गाडी. तिकीट काढताना समोर दोनच वेळा दिसतात, सुटायची आणि पोचायची. पहाटे पोचते, म्हणजे उजाडता उजाडता घाट लागेल, असा माझा हिशोब. घाट गोव्याच्या आधी लागतो, पोचायच्या दोन-तीन तास आधी, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. घाटाच्या वरच्या टोकाचं कॅसलरॉक स्टेशन आलं तेव्हा घड्याळात रात्रीचे अडीच वाजून गेले होते. सासूबाई स्वेटर घालून, चष्मा पुसून खिडकीशी तयार. स्लीपरची खिडकी वर केली. आवाज तर असा की डब्यात बोललेलं ऐकू येईना, तोंडावर तुषार, ओल्या मातीचा वास, आणि समोर डांबर. नवऱ्याने मोबाइलचा टॉर्च बाहेर मारला तर पावसाच्या रेघा आणि रुळाकडेची खडी दिसली. ३१० मीटरचा धबधबा दहा पावलांवर असावा आणि त्यातलं बोटभर पांढरं दिसू नये! आवाज मागे पडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "झाला का गं?" त्या "झाला का गं"नंतर ही यादी केली आहे.

म्हणून पहिली गोष्ट, आणि खरं म्हणजे हीच गोष्ट: तुम्हाला जे बघायचं आहे तिथून गाडी किती वाजता जाते आणि तेव्हा उजेड असतो का. सुटायची वेळ नको, पोचायची नको, घाटातली सांगा. त्यासाठी मधल्या सगळ्या स्टेशनांचं पूर्ण वेळापत्रक उघडा आणि घाटाच्या दोन्ही टोकांची स्टेशनं शोधा. दूधसागर हवा तर कुळे आणि कॅसलरॉक. भोर घाट हवा तर कर्जत आणि लोणावळा. कोकण हवं तर चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ. त्या दोन वेळा कागदावर लिहा. शेजारी त्या तारखेचा सूर्योदय आणि सूर्यास्त लिहा. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आसपास सूर्य मावळतो, जूनअखेरीला सव्वासात होऊन जातात. सूर्यास्तातून अर्धा तास वजा करा, कारण डोंगराआड तो लवकर जातो आणि पावसाळी ढग असतील तर त्याहून लवकर. गाडीला तासभर उशीर धरा. एवढं करूनही घाट उजेडात बसत असेल तरच पुढचं वाचा. आणि वेळापत्रकात '०२:५०'च्या शेजारी बारीक अक्षरात 'दिवस २' लिहिलेलं असतं, तिकडे माझ्यासारखं दुर्लक्ष करू नका. ०२:५० म्हणजे रात्र. तिला पहाट म्हणू नये.

हे किती जणांच्या लक्षात येत नाही ते बघायचं असेल तर हिवाळ्यात संध्याकाळच्या डेक्कन क्वीनचा विस्टाडोम डबा बघा. गाडी मुंबईहून पाच दहाला सुटते, कर्जतला पोचेपर्यंत साडेसहा होऊन गेलेले असतात. डिसेंबरात तेव्हा मिट्ट काळोख. काचेचं छत, फिरणाऱ्या खुर्च्या, जादा भाडं, आणि छतात दिसतात डब्यातलेच दिवे. तीच क्वीन सकाळी पुण्याहून सव्वासातला निघते तेव्हा खंडाळ्याचा उतार कोवळ्या उन्हात लागतो. गाडी तीच, डबा तोच. घाटच बघायचा असेल तर डेक्कन एक्स्प्रेस सरळ आहे: मुंबईहून सकाळी सातच्या सुमाराला, पुण्याहून दुपारी सव्वातीनच्या सुमाराला, म्हणजे दोन्हीकडून घाट दिवसा. १८६३ पासून रेल्वे हा घाट चढते आहे, ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे, त्यामुळे पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावतात. तुमचा विस्टाडोम गाडीच्या शेवटाला असेल तर मागच्या मोठ्या काचेतून दरीऐवजी इंजिनाचं तोंड दिसेल, हेही सांगून ठेवते. बँकर लागेपर्यंत कर्जतचा वडा खाऊन होतो, ती भरपाई समजा.

कोकण रेल्वेचंही तेच, फक्त तिथे लोक दुसऱ्या टोकाला फसतात. जाताना मुंबईहून पहाटे पाच दहाची मडगाव जनशताब्दी घेतात, ते बरोबर आहे. पनवेल सोडेपर्यंत उजाडायला लागतं आणि मग मडगावपर्यंत उजेडच उजेड. २०१७ साली विस्टाडोम पहिल्यांदा या मार्गावर आला तो याच गाडीला. पण येतानाही हौसेने तीच गाडी, तोच डबा! ती मडगावहून दुपारी तीनच्या सुमाराला निघते. हिवाळ्यात रत्नागिरी येईतो दिवस संपलेला असतो आणि तिथून मुंबईपर्यंतचे चार-पाच तास तुम्ही काचेत स्वतःचं तोंड बघत येता. जाताना विस्टाडोम घ्या, येताना साधं तिकीट काढून झोपा. किंवा सकाळी मडगावहून निघणारी मांडवी घ्या, वेळ जास्त लागतो पण खायला चांगलं मिळतं. रात्री मुंबईहून निघणारी कोकणकन्या तशी वाईट नाही, रत्नागिरी गेल्यावर उजाडतं, मात्र चिपळूण झोपेत जातं. तिचीच परतीची गाडी संध्याकाळी सुटते, ती घाटासाठी शून्य.

त्यात पावसाळी वेळापत्रक. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात गाड्या हळू चालवतात, म्हणून वेळापत्रकच वेगळं असतं. बरीच वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. म्हणजे मे महिन्यात मामेभावाने सांगितलेली वेळ जुलैत चालणार नाही. उजेडाचा हिशोब तुमच्या तारखेच्या वेळेने करा, मामेभावाच्या नव्हे. आणि जाता जाता: रोह्यापासून मंगळूरकडच्या ठोकूरपर्यंत या मार्गावर ९१ बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुडे एकटाच साडेसहा किलोमीटरचा. फुकटचा काळोख भरपूर आहे, विकतचा कशाला घ्यायचा? रत्नागिरीजवळच पानवल नदीचा पूल आहे, ६४ मीटर उंच. खाली बघायला पोटात गोळा येतो, पण खाली दिसायला हवं ना.

इथे एक गैरसमज काढून टाकते. कोकण रेल्वे समुद्राकाठाने जात नाही. आपल्या हद्दीत तर समुद्राची आशाच धरू नका, खाड्या दिसतात, भातखाचरं, माडांची गर्दी, लाल चिखल. गोव्याकडे जाताना सह्याद्री डावीकडे असतो, म्हणून मी डावी खिडकी मागते. बाकी बाजूवरून डब्यात भांडणं करू नका, मार्ग इतका वळतो की दोन्हीकडे काही ना काही येतं. विस्टाडोमच्या खुर्च्या पायाने खटका दाबून फिरवता येतात, त्यामुळे उलट तोंडाची सीट मिळाली तरी घाबरू नका.

डबा कोणता? माझं मत विचाराल तर भर पावसात विस्टाडोमपेक्षा सेकंड सीटिंगची उघडी खिडकी. काचेवर थेंब जमले की सगळं धूसर, फोटोत डब्यातले दिवे येतात, आणि पावसाचा वास शून्य. ऑक्टोबर ते जानेवारी मात्र विस्टाडोमला तोड नाही. एप्रिल-मेच्या दुपारी काचेच्या छताखाली बसणं म्हणजे एसी असूनही डोकं तापतं, टोपी ठेवा. मुलांना या डब्यात अर्धं तिकीट नाही, पूर्ण भाडं लागतं. आम्ही पाच जणांचा हिशोब केला तेव्हा नवरा गप्प झाला होता.

दूधसागरबद्दल दोन शब्द जास्त, कारण जखम ताजी आहे. पावसाळ्यात कुळ्याहून जाणाऱ्या जीप बंद असतात, म्हणून तेव्हा तो बघायचा तर गाडीतूनच. गोव्याकडून दिवसा घाट चढणाऱ्या गाड्या आहेत, सकाळी वास्कोहून निघणारी आहे, दुपारी निघणारीही आहे. म्हणजे पुण्याच्या माणसाने जाताना कशानेही जावं, धबधबा येताना बघावा. मी उलटं केलं. तिथे उतरायला बंदी आहे आणि ती कागदावरची नाही. जुलै २०२३ मध्ये रुळांवर उतरलेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. गाडीत बसा, दारात लोंबकळू नका, उजेड असेल तर खिडकीतून सगळं दिसतं. उजेड असेल तर.

लांबच्या डोंगरगाड्यांनाही हाच नियम लावा. दार्जिलिंगची गाडी न्यू जलपायगुडीहून सकाळी दहाच्या सुमाराला निघते म्हणून निर्धास्त राहू नका. ८८ किलोमीटरला सात तासांहून जास्त लागतात, आणि आपलं सगळ्या देशाचं घड्याळ एकच असल्याने तिकडे पूर्वेला डिसेंबरात पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. शेवटचा सगळ्यात सुंदर टप्पा काळोखात. त्यापेक्षा वर जीपने जा आणि दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग ही दोनेक तासांची फेरी सकाळी घ्या, बतासिया लूप, म्हणजे रुळांचा तो गोल फेरा, त्यातच येतो. उटीची गाडी या बाबतीत शहाणी: मेट्टुपालयमहून सकाळी सात दहाला निघते आणि दुपारपर्यंत वर पोचते. कल्लार ते कुन्नूर दात्यांच्या रुळावरून चढते आणि इंजिन मागून ढकलतं, त्यामुळे पुढच्या डब्यातून समोरचं उघडं दिसतं. सीटा फार थोड्या, ताबडतोब संपतात. माथेरानची १९०७ ची गाडी पावसाळ्यात नेरळवरून बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान अशी छोटी फेरी चालते. तिचं तिकीट खिडकीवरच काढावं लागतं, लवकर जाऊन रांगेत उभं राहा.

आता तिकीट. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. सकाळी आठला. कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजा, प्रवासाची तारीख धरायची नाही. परतीचं आरक्षण परतीच्या तारखेप्रमाणे नंतर उघडतं, त्या दिवशीही आठला बसा, एक जण विसरतोच. विस्टाडोम वर्गाच्या यादीत वेगळा निवडावा लागतो, चेअर कारमध्ये शोधत बसू नका. ऑनलाइन वेटिंगचं तिकीट शेवटी कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं, पैसे परत येतात, सुट्टी परत येत नाही. तत्काळवर भिस्त ठेवू नका, जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं, ते आदल्या रात्री जोडायला बसलात तर रडाल. पैसे भरायच्या पानावर आल्यावर बोट थांबवा. घाटातली वेळ? उजेड? कागद काढा, परत बघा. मग भरा.

परदेशात जाणाऱ्यांसाठी एकच: स्वित्झर्लंडच्या ग्लेशियर एक्स्प्रेसला पास असला तरी सीटचं आरक्षण वेगळं आणि सक्तीचं. तिकडेही डिसेंबरात लवकर अंधारतं.

जायच्या आदल्या दिवशी 'व्हेअर इज माय ट्रेन' या अ‍ॅपवर ती गाडी गेल्या काही दिवसांत घाटात किती वाजता पोचत होती ते बघा. रोज तीन तास उशीर असेल तर उजेडाचा हिशोब पुन्हा करा. पहाटे पाच दहाची जनशताब्दी असेल तर पुण्याच्या लोकांनी आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करावा किंवा पनवेलला चढावं, मात्र चढायचं स्टेशन तिकीट काढतानाच पनवेल टाका. रिक्षा रात्रीच सांगून ठेवा. ओळखपत्र, पाणी, चार्जर, मुलांच्या उलटीची गोळी, हे काय सांगायचं. मोबाइलच्या काचेला तेलकट बोटं लावू नका. डबा घरून न्या, दशम्या आणि लसणाची चटणी, रस्सा अजिबात नको. घाट यायच्या पंधरा मिनिटं आधी सगळ्यांना बाथरूमला पाठवा. टॉर्च नेऊ नका.