टचस्क्रीनवर जुनं नागपूर मांडताना

मागच्या खेपेला जुन्या नागपूरचा आमचा टचस्क्रीन नकाशा उद्घाटनाच्या दिवशीच हरवला. मशीन चालू होतं, वीज होती, पण पाहुणे फीत कापून आत आले तेव्हा ५५ इंची टचस्क्रीनवर नुसता करडा रंग. सकाळी कोणाच्या तरी पोराने बोटाने ओढत ओढत नकाशा पार कडेबाहेर नेला आणि पेढे खायला पळून गेला. "काऊन भाऊ, यात तर काहीच दिसून नाही राहिलं," पाहुणे म्हणाले. मी घाईघाईत दोन बोटांनी चिमटे काढत बसलो, तोवर सगळे फराळाच्या टेबलाकडे वळले होते.

म्हणून बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका: मिनिटभर कोणी हात लावला नाही, तर नकाशा आपोआप मूळ जागी आला पाहिजे.

आता सुरुवातीपासून. जुन्या नकाशांची परवानगी लेखी घ्या. स्कॅन सपाट करा. मोबाईलने काढलेला फोटो कडांना वाकतो आणि तो वाक पुढे पूर्ण काढणं अवघड जातं. मग येतं जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवण्याचं काम, आणि इथे वेळ घाला. जुळवणीचे बिंदू असे घ्या जे हललेले नाहीत: सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी, महालातला जुम्मा दरवाजा म्हणजे आजचं गांधी गेट. नाग नदीचा काठ घेऊ नका, तलावाची कडही नको. पाण्याच्या कडा सरकतात, बुजवल्या जातात. रेल्वे नागपुरात १८६७ साली आली, त्यामुळे त्याआधीच्या नकाशात रुळांचा आधार मिळणारच नाही. आणि सगळे बिंदू सीताबर्डीभोवती गोळा करू नका. आम्ही केले होते. बर्डी तंतोतंत बसली आणि इतवारी तिरकी झाली. चारही कोपऱ्यांत पसरवा, दोन-तीन जास्तीचे ठेवा, आणि ते जुळवणीत न वापरता नुसते पडताळ्यासाठी वापरा.

वर्षांची पट्टी लांबवू नका. १७०२ च्या आसपास बख्त बुलंद शहाने वसवलेलं गाव, १८१७ ची सीताबर्डीची लढाई, १८६७ ची रेल्वे, १८७७ ची एम्प्रेस मिल, १९५६ ची दीक्षाभूमी. पाच थांबे पुरेत. आमच्या समितीने चौदा सुचवले होते. लोक तिसऱ्यावर कंटाळतात. ज्या काळाचा नकाशाच हाती नाही, त्याचा अंदाजाने काढलेला आराखडा ठळक रेषेत दाखवू नका. तुटक रेघ द्या, शेजारी "अंदाजे" लिहा. झिरो माईलच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या अंतर मोजायच्या खांबावर बोट ठेवलं की "देशाचा मध्यबिंदू" असं उघडावं ही मोह पाडणारी गोष्ट आहे, पण कोणत्या सीमा धरून मध्य, हे सांगता येणार नसेल तर ते वाक्य टाकूच नका. खांबाचा फोटो आणि त्याच्याजवळचे चार घोडे पुरेसे बोलतात.

नावं! लोक "सीताबर्डी" शोधत नाहीत, "बर्डी" शोधतात. गांधीसागर शोधणारा एक, शुक्रवारी तलाव म्हणणारा दुसरा, जुम्मा तलाव म्हणणारी आजी तिसरी, आणि तिघांनाही एकच तलाव हवा असतो. तिन्ही नावं शोधात घाला. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी: मोहल्ले वारांवरून आहेत हे आपल्याला सवयीने दिसतच नाही, बाहेरच्या माणसाला मात्र भारी गंमत वाटते. तेवढ्यासाठी एक बटण ठेवा. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही द्या, आणि मजकूर मशीनकडून भाषांतरित करून घेऊ नका, तो कोणी तरी मोठ्याने वाचलेला असावा. पन्नास शब्दांच्या वर गेलेली टीप उभ्याने कोणी वाचत नाही.

आता परत तेच. आपोआप परत येणं म्हणजे फक्त झूम नाही. भाषा, वर्ष, उघडी राहिलेली टीप, आवाज, सगळं मुळावर आलं पाहिजे. नाहीतर शाळेच्या सहलीने इंग्रजी लावून सोडलेला पडदा पुढच्या आजोबांपुढे इंग्रजीतच येतो आणि आजोबा बोट न लावता पुढे जातात. टायमर शेवटच्या स्पर्शापासून मोजा, पण टीप उघडी असेल तर जास्त वेळ द्या. वाचताना नकाशा पळाला की माणूस चिडतो. नकाशा ओढण्याला कड घाला, म्हणजे करडा रंग दिसणारच नाही. शिवाय हाताने दाबायचं "पुन्हा सुरुवात" बटण कायम दिसत राहू द्या. आणि वीज गेली-आली की थेट नकाशाच उघडला पाहिजे, विंडोजचा निळा पडदा नाही. नुसतं "हो, टाकलंय" ऐकून घेऊ नका. समोर उभे राहून प्लग उपटा आणि बघा.

हे आपल्याकडे जास्त लागतं, कारण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि वीज खेळ करते. कॅबिनेटला मागून हवा जायला जागा ठेवा. कूलरचं तोंड मशीनकडे कधीच नको, त्याची दमट हवा आत शिरते. पश्चिमेची खिडकी झाका; ऊन थेट पडलं की काही स्क्रीन स्वतःहून स्पर्श ओळखू लागतात. नकाशाच्या सगळ्या चित्रफायली मशीनमध्येच साठवा, इंटरनेटच्या भरवशावर राहू नका.

चाचणी दोघांवर घ्या: पाचवीतलं पोर आणि सत्तरीतली आजी. खाली बसून, व्हीलचेअरवरूनही हात पोचतो का ते पाहा. पुसायला मऊ कापड, कारण तर्रीपोह्याचे हात येणारच. यूपीएस, जास्तीची केबल, सगळ्याची प्रत पेनड्राईव्हवर, चौकीदाराकडे बंद-चालूचा कागद. सॉफ्टवेअर अपडेट रात्री.

उद्घाटनाच्या सकाळी नकाशा मुद्दाम कडेपर्यंत ओढा, हात मागे घ्या, मिनिटभर थांबा. आला का परत? मग पेढे वाटा.