मेक्सिकोत पत्रकारितेची इंटर्नशिप? या चुका टाळा

स्पॅनिश कच्चं आहे, आता फजिती होणार, ही धाकधूक घेऊन मी मेक्सिकोतल्या वाहाकाला पोचले. (नकाशातली अक्षरं बघून ‘ओक्साका’ म्हणू नका. ‘मेहिको’सारखाच इथे ‘एक्स’चा ‘ह’ होतो.) एका छोट्या न्यूज पोर्टलमध्ये तीन महिने काढल्यावर लक्षात आलं, की न कळलेला शब्द फारसं नुकसान करत नाही, कारण तो आपण विचारून घेतो. गोत्यात आणतं ते आपल्याला येतंय असं वाटणारं.

सुरुवात नावापासून झाली. तिकडे माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. फॉर्मवर नावानंतर दोन रकाने दिसले आणि मी शाळेपासूनच्या सवयीने नाव, वडिलांचं नाव, आडनाव भरून टाकलं. ओळखपत्रावर मी झाले ‘सेन्योरिता सुनील’, आणि आमचं सात पिढ्यांचं आडनाव आईच्या माहेरचं ठरलं. उपाय सोपा आहे. पहिल्या रकान्यात आडनाव लिहा, दुसरा मोकळा ठेवा आणि बायलाइन, म्हणजे बातमीवर छापायचं तुमचं नाव, कशी हवी ते पहिल्याच दिवशी डेस्कला लिहून द्या.

बातमीतही हाच घोळ होतो. राष्ट्राध्यक्ष क्लाउदिया शेनबाउम पार्दो यांचा पुढचा उल्लेख ‘शेनबाउम’ असा करायचा, ‘पार्दो’ नाही. पण आधीचे राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर दोन्ही आडनावांनीच ओळखले जातात, कारण लोपेस तिकडे पैशाला पासरी. तेव्हा प्रत्येक नाव विचारून घ्या.

गुन्ह्याच्या बातम्या वाचताना मला वाटलं, या राज्यातल्या सगळ्या आरोपींची आडनावं ‘एन’वरून कशी काय? ते आद्याक्षर नव्हतंच. आरोपीचं आडनाव झाकायला तिकडे नावापुढे नुसतं ‘एन’ लावतात. पोलिसांकडून पूर्ण नाव हाती लागलं म्हणून फुशारकीने कॉपीत टाकू नका.

आणि एफआयआर शोधत पोलीस चौकीत जाऊ नका. तिकडे तक्रार नोंदवून घेते ती ‘फिस्कालिया’, म्हणजे सरकारी अभियोक्त्यांचं कार्यालय. तपासाच्या फाइलला ‘कार्पेता दे इन्व्हेस्तिगासियोन’ म्हणतात. चौकीतला हवालदार घटना सांगेल, पण बातमीला आधार त्या कार्पेताचा लागतो.

आकड्यांत मात्र मी खरंच घसरले. अंदाजपत्रकाच्या कॉपीत ‘बियोन’ वाचला आणि इंग्रजीतला बिलियन समजून मोकळी झाले. स्पॅनिशमध्ये एकावर नऊ शून्यं म्हणजे ‘मिल मियोनेस’. ‘बियोन’ म्हणजे एकावर बारा शून्यं, आपले लाख कोटी. चूक हजार पटीची होती. संपादकीणबाईंनी वेळेवर पकडली म्हणून ही गोष्ट आज हसत सांगतेय. तेव्हापासून मधली इंग्रजीची पायरी मी काढून टाकली. मियोन म्हणजे दहा लाख, मिल मियोनेस म्हणजे अब्ज, असं थेट मराठीत आणायचं. आणि किमतीपुढचं डॉलरसारखं चिन्ह तिकडे पेसोचंच असतं. पाचशेच्या जेवणाचे पाचशे डॉलर करून दाखवणारे इंटर्न दरवर्षी येतात, असं ऑफिसात ऐकलं.

एका बाबतीत आपण सुखी आहोत. ‘आजपासून आठ’ म्हणजे पुढच्या आठवड्यातला हाच वार आणि ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे दोन आठवड्यांनी, हा त्यांचा हिशेब आपल्या आठवड्या-पंधरवड्यासारखाच आहे. माझ्यासोबतचा अमेरिकन मुलगा बोटं मोजत बसायचा.

न्यूजरूमची बोली पुस्तकात सापडत नाही. बातमीला ‘नोता’ म्हणतात. मथळ्याला स्पेनमध्ये ‘तितुलार’ म्हणतील, मेक्सिकोत तो ‘काबेसा’, म्हणजे डोकं. ‘फुएन्ते’ म्हणजे माहितीचा स्रोत, पण बीटही, म्हणजे बातमीदाराला नेमून दिलेला विषय. ‘तुझी फुएन्ते कोणती?’ असं एकाने विचारलं, तर मी सूत्राचं नाव सांगणार नाही म्हणून ताठ झाले. बिचारा एवढंच विचारत होता, की पोरी, तू शिक्षण बघतेस की आरोग्य? आणि ‘चायोते’वरून विनोद झाला तर ती भाजी समजू नका. आपल्याकडे पत्रकाराला मिळणारं ‘पाकीट’ जे, तेच तिकडचं चायोते. कुणी देऊ केलंच तर नको म्हणा आणि लगेच संपादकांच्या कानावर घाला.

‘एन्ये’ (ñ) अक्षरावरची लाट कधी विसरू नका. ती गेली, की ‘वर्ष’ या शब्दाचा जो अर्थ होतो तो इथे छापण्यासारखा नाही.

आता जरा गंभीर. मेक्सिकोच्या राज्यघटनेतलं ३३ वं कलम परदेशी माणसाला देशाच्या राजकारणात ढवळाढवळ करायला मनाई करतं. वार्तांकन ही ढवळाढवळ नव्हे. पण वाहाकाच्या मुख्य चौकात शिक्षक संघटनेचं ठिय्या आंदोलन बसलं, की कुणीतरी प्रेमाने हातात फलक देतं आणि तेवढ्यात फोटो निघतो. हातात वही ठेवा. व्हिसाचंही बघून घ्या. पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशात मोबदल्याचं काम चालत नाही, त्यामुळे मानधन मिळणार असेल तर परवानगी वेगळी लागते.

सगळ्यात मोठा गैरसमज ‘स्पॅनिश बोलणारा समाज’ हाच. मेक्सिकोत ६८ देशी भाषांना मान्यता आहे. वाहाका राज्यातल्या ५७० नगरपालिकांपैकी चारशेहून अधिक ठिकाणी कारभारी निवडले जातात ते पक्षांच्या चिन्हांवर नाही, तर गावाच्या रूढीप्रमाणे, बहुतेकदा भरसभेत. अशा गावात उतरल्या उतरल्या कॅमेरा काढणं म्हणजे दुसऱ्याच्या वाड्यात चपला घालून शिरणं. आधी गावच्या पंचांना भेटा, कशासाठी आलात ते सांगा. ज्या आजीबाईंशी बोलायचंय त्यांची भाषा सापोतेक असेल तर दुभाषा सोबत न्या, आणि शक्यतो त्यांच्या सुनेला दुभाषी करू नका. अर्ध्या गोष्टी गाळल्या जातात. मला दार उघडलं ते ‘तेकियो’मुळे. गावाने मिळून रस्ता नाहीतर पाण्याची टाकी बांधायची, म्हणजे आपलं श्रमदान. आमच्याकडेही असं करतात म्हटल्यावर मला चॉकलेटचा पेला आणि बसायला स्टूल मिळालं.

तिथल्या माणसाने विश्वासाने सांगितलेलं मात्र जपून वापरा. मेक्सिकोत मारले जातात ते बहुतेक स्थानिक पत्रकार. हाविएर वाल्देस यांना २०१७ मध्ये कुलिआकानला, त्यांनीच सहकाऱ्यांबरोबर उभारलेल्या साप्ताहिकाच्या कार्यालयाजवळ भरदिवसा गोळ्या घातल्या. इंटर्न तीन महिन्यांनी विमानात बसतो, माहिती देणारा तिथेच राहतो. मी प्रत्येकाचा नंबर नाव, गाव आणि विषयासकट साठवला होता. ‘अमुक, जंगलतोड’ असा. एका सहकाऱ्याने माझा फोन मागितला, यादी वरून खाली पाहिली आणि काही न बोलता परत दिला. मग म्हणाला, “जेवायला नंतर जाऊ. आधी ही नावं बदल.” दुपारचे तीन वाजले होते, तिकडची जेवणाची वेळ. आम्ही साडेचारला जेवलो.