आईस्क्रीम मशीनमध्ये घट्टच होत नव्हतं, शेवटी जमलं

माझ्या मशीनचं भांडं आधी फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं, मी ते सात-आठ तासच ठेवायचे आणि मिश्रणही कोमट असतानाच ओतायचे, मग अर्धा तास फिरवूनसुद्धा सगळं पातळच. भांड्याच्या दुहेरी भिंतीत गोठणारं द्रव असतं, म्हणून भांडं हलवून बघा, त्या भिंतीत पाणी डुचमळल्यासारखा आवाज आला तर ते अजून गोठलेलं नाही! आता फ्रीजर उणे १८ डिग्रीवर ठेवून भांडं पूर्ण २४ तास आत, आणि दूध-क्रीमचं मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये. मशीन सुरू करून मगच ओतायचं, नाहीतर कडेला लगेच थर धरतो आणि पातं अडकतं. हवा मिसळून फुगतं म्हणून भांडं काठोकाठ भरू नका. २५ मिनिटांत सॉफ्टीसारखं झालं, मग डब्यात घालून चार तास फ्रीजरमध्ये, काय सुंदर मऊ झालंय!